धुण्यात गेलेला जपानी गेम

"घट बसायच्या दिवशी सकाळी गेम तयार! आत लाईट बसवून देतो, लाईट! काळोखात बसून खेळा!"

सिद्धू देवकाते हे बोलला तेव्हा तो भिगवणला सासुरवाडीत जेवायला बसला होता आणि त्याच्या ताटात तळलेल्या चिलापी माशाचा तिसरा तुकडा नुकताच येऊन पडला होता. सासुरवाडीचं जेवण पोटात गेलं की जावयाला जगातलं कुठलंच काम अवघड वाटत नाही. समोर मेहुणा समर्थ बसला होता, आणि दोघांच्या मध्ये, भाकरीच्या टोपल्याशेजारी, तो गेम होता.

हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम. करड्या रंगाचा, विटेएवढा आणि जवळजवळ विटेएवढाच जड. समर्थचा मामा जहाजावर नोकरीला होता, त्यानं पंचवीस वर्षांपूर्वी तो थेट जपानहून आणलेला. समर्थ आणि त्याची धाकटी बहीण सुकन्या, म्हणजे सिद्धूची बायको, या दोघांचं सगळं लहानपण त्या गेमवरून एकमेकांच्या झिंज्या उपटण्यात गेलं होतं. पुढं तो बंद पडला तो पडलाच. तरी समर्थनं तो आईच्या शालूशेजारी कपाटात जपून ठेवला होता.

"दाजी, राहू द्या," समर्थ म्हणाला. "बंद हाय तर बंद हाय. निदान आख्खा तरी हाय."

झालं! सिद्धूच्या वर्मावर बोट पडलं. बारामती एमआयडीसीतल्या दूध कारखान्यात पिशव्या भरायचं मशीन चालवणारा माणूस तो! गेले दोन महिने तो मोबाईलवर जुने गेम उघडून नवे करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत होता. तारांना डाग द्यायचं सोल्डरिंगचं यंत्र, चिमटा, भिंग, सगळं त्यानं घेतलं होतं. सरावासाठी बाजारातून विटा रचायचे दोन साधे गेमही आणले होते. त्यातला पहिला पुन्हा बोलला नाही. दुसरा बोलायला लागला तो थांबेचना, शेवटी ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवावा लागला. ही माहिती सिद्धूनं सासुरवाडीत दिली नाही.

"आख्खा तरी हाय म्हंजे? मी काय फोडतो का काय?"

समर्थनं बहिणीकडं पाहिलं. सुकन्यानं ताटाकडं पाहिलं. गेम पिशवीत घालून नवरा-बायको मोटरसायकलवर निघाले, तेव्हा ती मागून एवढंच म्हणाली, "अवो, त्यो गेम दादाचा जीव हाय. माहेरात माझं नाक कापू नका म्हंजे झालं."

नाक कापू नका! लग्नाच्या नवऱ्याला असं बोलावं का? सिद्धू इंदापूर रस्त्याला लागेपर्यंत धुमसत होता.

तर पहिली अडचण स्क्रूची. त्या जपानी स्क्रूच्या डोक्याला तीन पाकळ्या होत्या. तसला स्क्रू-ड्रायव्हर बारामतीत सात दुकानांत मिळाला नाही, आणि सातव्या दुकानदारानं वर विचारलं, "मिक्सरचा हाय का?" सिद्धूनं घरी येऊन बॉलपेनाची दांडी चुलीवर मऊ केली, स्क्रूवर दाबून गार केली आणि फिरवली. स्क्रू निघाला! त्या दिवशी त्याला स्वतःबद्दल इतका आदर वाटला की तो आईशी तुसडेपणानं वागला.

वरची चालू-बंदची खटकी उघडताना तुटली, पण ती फेविक्विकनं चिकटली. नवा उजेडाचा पडदा मागवला होता तो आला, बसला, तारा जोडल्या गेल्या. सिद्धूनं चार सेल घातले, खटकी सरकवली आणि डोळे बारीक करून बसला.

काही नाही.

पुन्हा उघडला, पुन्हा जोडला. काही नाही. असं अकरा वेळा झालं. सिद्धूनं पडद्याला दोष दिला, पडदा विकणाऱ्याला दिला, सेल विकणाऱ्याला दिला. गेम सेलवर चालत असूनसुद्धा त्यानं महावितरणलाही सोडलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यानं तपासली नाही. सेल जिथं बसतात तिथल्या स्प्रिंगांवर आणि पत्र्यांवर हिरवा थर होता. सिद्धूनं तो पहिल्याच दिवशी पाहिला होता. पण जपानी लोक हुशार, प्लस-मायनस ओळखायला त्यांनी रंग दिला असणार, असं त्याला वाटलं, आणि एवढ्या बारकाईनं काम करणाऱ्या लोकांबद्दल तो मनातल्या मनात दोन चांगले शब्दही बोलला.

त्यात लोकांचा ताप! सिद्धू सोल्डर करतो ही बातमी वस्तीवर पसरली होती. शेजारच्या फुलाबाई टीव्हीचा रिमोट घेऊन आल्या. ट्रॅक्टरवाले भिमातात्या फवारणीचा पंप ठेवून गेले.

"तात्या, मी दुरुस्तीवाला न्हाय!" सिद्धू ओरडला. "ह्यो माझा छंद हाय, छंद!"

"व्हय की," तात्या म्हणाले. "मग पंपाचा छंद कर. वाफं वाळाय लागल्यात."

अशा लोकांत माणसानं कला कशी जोपासावी? शेवटी सिद्धूनं ठरवलं, पडदाच खराब आहे, परत पाठवायचा. पडदा काढून त्यानं खोक्यात घातला, खोकं कपाटाच्या कप्प्यात ठेवलं. बाकीचा गेम उघडाच, सर्किटच्या पाट्या, बटणं, पुढची-मागची टरफलं, सगळं एका स्टीलच्या ताटात मांडून खिडकीत ठेवला आणि तो सकाळच्या पाळीला कामावर गेला. घट बसायला तीन दिवस होते.

आता घट बसायच्या आधी देवकात्यांच्या घरात काय होतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. जन्मापासून बघत होता. सारजाबाई, त्याची आई, घरातली वस्तू न् वस्तू बाहेर काढते आणि धुते. गोधड्या, घोंगडी, पत्र्याचे डबे, देवाचे टाक, दाराची कडी! मेंढरं विकून पंधरा वर्षं झाली, तरी लोकर कातरायची कातर ती दर वर्षी घासूनपुसून देवापुढं ठेवायची. न धुतलेली वस्तू घरात असताना घट बसवायचा नाही, हा तिचा कायदा. सिद्धूला वाटलं, त्या कायद्यातून जपानला सूट असेल.

दुपारी तो परत आला तर घर अंगणात आणि अंगण ओलं. आत भिंती तेवढ्या उरल्या होत्या. खिडकीत ताट नव्हतं.

सुकन्या ओट्यावर शिकवणीच्या मुलांची पुस्तकं उन्हात पसरत होती.

"ताट कुठाय?"

"कसलं?"

"गेमचं!"

तिचा चेहरा पडला. "मी आत्ता आले शिकवणी आटपून. आत्यांनी समदं न्हेलंय धुवायला. भिमातात्यांच्या ट्रॉलीत. कालव्यावर."

कालव्यावर! सिद्धूनं गाडी अशी काही वळवली की अंगणातल्या कोंबड्या दोन दिवस त्या बाजूला फिरकल्या नाहीत.

कालव्याला पाणी सुटलेलं होतं आणि काठावर निम्मी वस्ती धूत होती. सिद्धू उतारावरून ओरडतच आला, "थांबा! धुणं थांबवा! माझी वस्तू गेली! परत मिळायची न्हाय तसली!"

हातातली गोधडी तशीच धरून फुलाबाईंनी विचारलं, "काय गेलं रं?"

"लई जुनं हाय! सासुरवाडीचं हाय! पाण्यात गेलं असंल तर मी मेलो!"

एवढं पुरे होतं. जुनं, सासुरवाडीचं आणि पाण्यात गेलेलं! फुलाबाईंनी पलीकडच्या बाईला सांगितलं, सुकन्याचं माहेरचं डोरलं गेलं. पलीकडच्या बाईनं त्यात बोरमाळ घातली. पुलापर्यंत बातमी पोचली तेव्हा सुकन्याच्या अंगावर काही शिल्लक राहिलं नव्हतं. भिमातात्यांनी डोक्याचा पटका काढून ठेवला आणि अंगातल्या शर्टासकट पाण्यात उडी घेतली. त्यांच्यामागं आणखी तिघं उतरले. बायकांनी पदर खोचून काठचा गाळ चाळायला घेतला. एकानं पाटकऱ्याला फोन लावला की वरून पाणी बंद करा, इथं दागिने वाहून चाललेत!

सिद्धूला भरून आलं. इतके दिवस या लोकांना आपण नावं ठेवली, आणि बघा, एका गेमसाठी आख्खी वस्ती पाण्यात! त्यानंही पँट वर केली.

इतक्यात ट्रॉलीच्या पलीकडून सारजाबाई आल्या. हातात पिळलेलं घोंगडं. "काय हरवलं?"

"सुकन्याचं डोरलं!" चार बायका एकदम म्हणाल्या.

"डोरलं? सकाळी तर गळ्यात व्हतं. काय रं सिद्धू?"

"डोरलं कोण म्हनलं?" सिद्धू वैतागून म्हणाला. "माझा गेम गेलाय!"

बायकांनी गाळातले हात वर काढले.

गळ्याइतक्या पाण्यात उभे असलेले भिमातात्या हळूच म्हणाले, "काय गेलंय?"

"गेम. त्यो... खेळायचा."

"सिद्ध्या!" तात्या कडाडले. "मी बासष्ट वर्साचा मानूस! गुडघ्यात वात हाय माझ्या! खेळन्यासाठी कालव्यात उतरिवलास मला?" तेवढ्यात त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला. खिशातून त्यांनी मोबाईल काढला. मोबाईलमधून धार लागली होती.

"ह्यो आता तूच नीट करायचा!"

"मी दुरुस्तीवाला न्हाय! छंद..."

"छंद गेला खड्ड्यात!"

या सगळ्या गोंधळात सारजाबाई शांतपणे घोंगडं झटकत होत्या. "ताटातलं ते व्हय? बारकं बारकं, बटनाबिटनाचं? ते कशाला आनीन कालव्यावर? ते घरीच धुतलं. देवाच्या भांड्यांसंगं."

"धुतलं?"

"चिंचेनं. लई हिरवं चढलं व्हतं त्याला. घास घास घासलं तवा निघालं. पत्र्यावर वाळत घातलंय."

ज्या पाटीला तो श्वाससुद्धा लागू देत नव्हता, हातमोजे घालून धरत होता, तिला चिंच! चिंचेनंतर पाणी! पाण्यानंतर ऊन!

घरी शिडी लावून तो पत्र्यावर चढला. जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर खंडोबाचा टाक, बिरोबाचा टाक, तांब्या, पळी, लोकरीची कातर आणि त्यांच्या रांगेत, तितक्याच इमानानं लखलखत, जपान.

"आये, हे काय भांडं हाय का?" तो वरूनच गरजला. "इलेक्ट्रॉनिक वस्तू हाय ती! तिला पानी चालत न्हाय! जगात कुनी तरी चिंचेनं गेम घासलाय का?"

"मग हिरव्या भांड्यांत ठिवून घट बसवू?" सारजाबाई खालून तितक्याच जोरात म्हणाल्या. "तीन आठवडं घरात हाय, तुला दिसलं न्हाय? आन ओरडतो कुनावर? तुझी चड्डी बी मीच धुतली, तवा न्हाय ओरडलास!"

सिद्धू जेवला नाही. म्हणजे वाढल्यावर लगेच जेवला नाही. सुकन्यानं ताट झाकून ठेवलं, ते त्यानं कुणी बघत नाही असं पाहून संपवलं. हात धुताना ती समोर उभी होती. तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "दादाला मी काय सांगनार न्हाय. तुमीच सांगायचं. आन खरं सांगायचं."

खरं सांगायचं! काय सांगायचं? तुझ्या मामानं सात समुद्रांपलीकडून आणलेला गेम माझ्या आईनं देवाच्या पळीबरोबर घासला? सिद्धूला सगळ्या जगाचा संताप आला होता, पण संतापाच्या खाली एक बारीक भीती होती. या पोरीनं आजवर माहेरात त्याच्याबद्दल एक वाकडा शब्द काढलेला नव्हता. आता तिला खाली मान घालून भिगवणला जावं लागणार, आणि ते आपल्यामुळं. हे त्याला खरोखर लागलं.

मग त्यानं एक योजना केली. घट बसायच्या दिवशी पहाटे उठून त्यानं गेम जोडला. खोक्यात होता म्हणून धुण्यातून वाचलेला नवा पडदाही परत बसवला, म्हणजे निदान बाहेरून तरी देखणा दिसेल. वजन बरोबर वाटावं म्हणून चार सेल घातले. आतली चिंचेची करामत समर्थला दिसू नये म्हणून सेलचं झाकण फेविक्विकनं कायमचं बंद करून टाकलं. चालू करून बघायचं धाडस त्याला झालं नाही. मेलेल्या माणसाची नाडी कितीदा बघायची? आणि भाषणही तयार केलं: "पाव्हणं, मशीन जुनं, आयुष्य संपलं व्हतं, डॉक्टरनं शर्थ केली."

नऊ वाजता समर्थ आला. घटासाठी उजनीकाठची काळी माती त्यानं पिशवीभर आणली होती. सारजाबाईंनी माती परडीत पसरली, सात धान्यं पेरली, घट मांडला, दिवा लावला. चहा झाला. समर्थनं हळूच विचारलं, "दाजी... गेम?"

सुकन्या दाराशी उभी. सिद्धूनं गेम दोन्ही हातांनी समर्थच्या हातात ठेवला आणि घसा खाकरला. "पाव्हणं, मशीन जुनं..."

समर्थनं खटकी सरकवली.

टिंग!

पडद्यावर असा उजेड पडला की समर्थचं नाकसुद्धा पांढरं दिसायला लागलं. गाणं सुरू झालं. तेच, पंचवीस वर्षांपूर्वीचं, किणकिण किणकिण! समर्थच्या तोंडाचा आ झाला. सुकन्या धावत आली आणि भावाच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. दोघांच्या डोळ्यांत पाणी. "दादा, पहिला डाव माझा!" ती म्हणाली, आणि क्षणभर ती आठ वर्षांची दिसली.

सिद्धू स्वतः दचकून एक पाऊल मागं सरला होता. पण सावरायला त्याला फार वेळ लागला नाही. भाषण त्यानं तिथल्या तिथं बदललं.

"...मशीन जुनं, तरी म्हनलं, सोडायचं न्हाय!"

"दाजी, मानलं तुमाला! काय केलं तरी काय?"

"त्याचं असं हाय," सिद्धू मांडी ठोकून बसला. "सेलचं पानी गळून आतले पत्रे खराब झालं व्हतं. हिरवा थर. सादासुदा मानूस फसतो, त्याला वाटतं रंगच हाय! पर मी वळखलं. त्याला खास रसायन लागतं. बाहेरून मागवावं लागतं."

सारजाबाई परडीवर पाणी शिंपडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कंचं रसायन?" समर्थ म्हणाला. "नाव सांगा की. माझ्या दोस्ताचा बी एक बंद हाय."

आता नाव कुठलं सांगायचं? सिद्धूच्या डोळ्यांपुढं शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक तरळलं. त्यातलं एकच भारदस्त नाव त्याला आठवलं, आणि नेमकं तेच का आठवलं याचा विचार करायला तो थांबला नाही.

"टार्टारिक आम्ल!" तो म्हणाला. "जपून वापरावं लागतं. हातमोजे घालून."

समर्थनं ते मोबाईलवर लिहून घेतलं. पण सुकन्या गेमवरून हळूहळू ताठ झाली. आठ वर्षं ती शिकवणीच्या पोरांकडून आम्लांचा तक्ता पाठ करून घेत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, आणि पोरांना म्हणून दाखवते त्याच चालीत म्हणाली,

"लिंबू, सायट्रिक. दही, लॅक्टिक. चिंच..."

ती थांबली. समर्थनं सातवी पास केलेली होती.

"टार्टारिक," तो म्हणाला. त्यानं दाजींकडं पाहिलं. मग चुलीजवळ ठेवलेल्या चिंचेच्या चोथ्याच्या वाटीकडं पाहिलं. मग सारजाबाईंच्या हातांकडं. "आत्या, तुमी...?"

"मी काय न्हाय बाबा. घटाची भांडी घासली, त्यात ते बी घासलं. सिद्धूला हिरवं दिसत न्हाय. बारकेपनापासनं."

समर्थ हसायला लागला तो भिंतीला टेकून खालीच बसला. सुकन्या तोंडाला पदर लावून हसत होती, आणि तिच्या हसण्यात राग नावालाही नव्हता, हे खरं तर सिद्धूनं बघायला हवं होतं. पण तो पेटला होता!

"हसा! हसा!" तो उभा राहिला. "चिंच आयेची असंल! पर उजेड? उजेड कुनी पाडला? पडदा मी बसवला! तारा मी जोडल्या! पेन वितळवून स्क्रू मी काढलं! ती लाईट तर आयेनं चिंचेनं न्हाय ना लावली?"

सारजाबाईसुद्धा म्हणाल्या, "न्हाय. ती त्यानंच लावली."

"व्हय दाजी, ते खरं हाय," समर्थ डोळे पुसत म्हणाला. "लाईट तुमचीच. आता तेवढी बंद करून द्या, मी निघतो. सेल संपायचं उगं."

सिद्धूनं ऐटीत गेम घेतला आणि वरच्या खटकीवर अंगठा ठेवला. खटकी तिथं नव्हती. ती चालू करताना तुटून समर्थच्या चहाच्या बशीत पडली होती. त्यानं गेम उलटा केला आणि सेलचं झाकण ओढलं. मग नखानं ओढलं. मग दातानं.

किणकिण किणकिण!

"काय झालं?" समर्थनं विचारलं.

"काय न्हाय," सिद्धू म्हणाला. "झाकण जरा... मजबूत बसलंय."

सारजाबाईंनी त्याच्या हातातून तो काढून घेतला. पदरानं पुसला, घटाशेजारी कातर ठेवली होती तिच्या अंगाला उभा केला आणि त्याला हळदीकुंकू लावलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "घटापाशी दिवा अखंडच लागतो."

संध्याकाळच्या आरतीला वस्ती जमली तेव्हा तो तेवतच होता, आणि टाळांबरोबर वाजतही होता. भिमातात्या ओला मोबाईल घेऊन आले होते. त्यांनी तो सिद्धूकडं दिला नाही. सरळ सारजाबाईंपुढं चिंचेच्या वाटीशेजारी ठेवला.

सिद्धू अजूनही सगळ्यांना सांगतो, की लाईट त्यानं लावली. ते अगदी खरं आहे. बंद ती सेलांनी आपली आपणच केली, दुसऱ्या दिवशी दुपारी.